मदत हवी आहे : पॅलेस्टाईनमधील जमिनीच्या जुन्या नोंदी कशा वाचाव्यात?

पॅलेस्टिनी ओळख अलीकडे घडवलेली आहे, असे एक बाजू म्हणते. दुसरी तिचे मूळ थेट त्या भूमीतल्या प्राचीन कनानी लोकांपर्यंत नेते. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. ज्यूंचे बंड मोडल्यावर रोमनांनी इ. स. १३५ च्या सुमारास प्रांताला ‘सीरिया पॅलेस्टिना’ म्हटले खरे, परंतु ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने हे नाव त्याआधी पाच शतकांहून अधिक काळ वापरले होते; आणि इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या त्याहून जुन्या शिलालेखात ‘इस्रायल’ आहे, हेही नाकारता येत नाही.

माझे खरे अडते ते जमिनीपाशी. १८५८ च्या ऑटोमन (तेव्हाच्या तुर्की साम्राज्याच्या) जमीन कायद्याने नोंदणी आली, तेव्हा कर आणि लष्करभरती यांच्या धास्तीने अनेक शेतकऱ्यांनी नाव लावलेच नाही व बरीच जमीन शहरातील धनिकांच्या नावे चढली. शिवाय ‘मुशा’ पद्धतीत गावाची जमीन सामाईक असे, वाटे ठरावीक काळाने बदलत. म्हणजे नांगर धरणाऱ्याकडे कागद नाही आणि कागदवाल्याने कदाचित शेत पाहिलेलेही नाही. (आपल्याकडची कुळे आठवली.)

अशा वेळी इतिहासकार वहिवाटीला अधिक वजन देतात की नोंदीला? १९४८ पूर्वीच्या ब्रिटिश राजवटीतील महसुली कागदपत्रे कोणी अभ्यासली असल्यास कृपया मार्गदर्शन करावे. प्रचारकी मजकूर मात्र नको, तो माझ्याकडे भरपूर आहे.