‘आज नोटीस नाही’ म्हणे, आणि नळ कोरडे

बी-३०२ काकी: सुप्रभात. सकाळपासून नळाला थेंब नाही. तिकडे खांडेपार नदी दुथडी वाहतेय आणि मी रिकामी कळशी घेऊन बसलेय. काल तर ग्रुपवर ‘आज नोटीस नाही’ आले होते.

सी-१०१: टँकरचे पैसे कोण देणार?

सेक्रेटरी: काकी, तो मेसेज आपोआप येतो. ऑफिसातला प्रोग्रॅम रोज पाणीपुरवठ्याच्या वेबसाइटवरचे ‘पाणी बंद’च्या नोटिशींचे पान वाचतो. आपल्या भागाचे नाव सापडले नाही, म्हणून तसे आले.

ए-२०३: सेक्रेटरीबाब, नोटीस परवापासून पानावर आहे. आत्ताच मोबाइलवर बघितली.

सेक्रेटरी: माझ्या भाच्याने फुकटात करून दिलेय हो. तेव्हा कोणी पुढे आले नव्हते.

ए-२०३: त्याला दोष देत नाही. पान एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, म्हणजे वेबच्या साध्या प्रोटोकॉलवरून (पद्धतीवरून) सुरक्षित प्रोटोकॉलवर गेलेय. प्रोग्रॅम जावा भाषेत आहे. जावा ८ मधले पान आणणारे साधन, एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शन, एरवी नव्या पत्त्यावर आपणहून जाते, पण प्रोटोकॉल बदलला की जात नाही. सर्व्हर ३०१ कोड देतो आणि ‘पान हलवले आहे’ अशा दोन ओळी. एररही येत नाही. प्रोग्रॅमने त्या दोन ओळींत आपले नाव शोधले आणि सांगितले, नोटीस नाही!

बी-१०४ वहिनी: चवथीच्या गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या माटोळीचे सामान बाजारात आले का कोणी बघितले?

डी-२०१: आलेय वहिनी, पण भाव ऐकून घरी परत यावेसे वाटेल 😄

सी-१०१: चवथीचे नंतर. टँकरचे पैसे कोण देणार?

सेक्रेटरी: मेंटेनन्समधून. आणि ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांनी हा प्रश्न जरा कमी विचारावा.

सी-१०१: नाव घेऊन बोला. गळतीचे काम करा, मग भरतो.

बी-३०२ काकी: भांडण मीटिंगमध्ये करा. ए-२०३, पुढे काय करायचे ते सांग बाबा.

ए-२०३: काकी, पत्ता बदलणे एका ओळीचे काम. पण तेवढ्यावर थांबू नये. कोड २००, म्हणजे ‘पान मिळाले’, आला तरच मजकूर वाचायचा, नाहीतर ग्रुपवर स्पष्ट लिहायचे, ‘पान वाचता आले नाही, कोणीतरी स्वतः बघा.’ २०० येऊनही नोटिशींचा तक्ता सापडला नाही तरी हेच लिहायचे. न वाचता ‘नाही’ म्हटले, म्हणून काल कोणी बादलीसुद्धा भरली नाही.

डी-२०१: मध्ये मराठीच्या जागी काहीतरी चिन्हे येत होती, ते?

ए-२०३: मजकूर वाचणाऱ्या इनपुट-स्ट्रीम-रीडरला यूटीएफ-८ हे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवायची पद्धत, सांगितले नव्हते. जावा १८ पासून डिफॉल्टच यूटीएफ-८ आहे, पण जुन्या जावात विंडोजचे एन्कोडिंग घेतले जाते. शिवाय टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा, ठेवलेला नाही. जावात तो मुळात शून्य, म्हणजे मर्यादाच नाही; सर्व्हर गप्प बसला तर प्रोग्रॅम ताटकळत राहणार. दहा सेकंद पुरेत.

सेक्रेटरी: नवीन जावा घातला तर हे आपोआप सुटेल ना?

ए-२०३: अक्षरांचे सुटेल, बाकीचे नाही. जावा ११ पासूनचे पान आणायचे नवे साधन, एचटीटीपी-क्लायंट, चांगले आहे, पण तेही सांगितल्याशिवाय रीडायरेक्टच्या मागे, म्हणजे हलवलेल्या पानाच्या नव्या पत्त्यावर, जात नाही. त्याचे रीडायरेक्टचे सेटिंग ‘नॉर्मल’ ठेवावे लागते.

सी-१०१: आणि टँकर?

सेक्रेटरी: सांगितलाय. ए-२०३, ऑफिसची चावी वॉचमनकडे आहे. पण भाच्याला फोनवर घेऊनच हात लावा, प्लीज.

ए-२०३: घेतो. संध्याकाळी बसतो.

बी-३०२ काकी: टँकर गेटवर आलाय. पाइप धरायला दोघे खाली या. सी-१०१, तुम्हीसुद्धा.