वचनं खरी, पण शिकवण खरी की खोटी? संदेश तपासायचा कसा?

प्रश्न: बायबल अभ्यासगटात रोज नवनवे व्हिडिओ येतात. प्रत्येकात वचनांचा नुसता मारा, त्यामुळे चूक नेमकी कुठे हे पकडता येत नाही. तपासायचं कसं? आणि ऊठसूट प्रत्येकावर संशय घ्यायची सवयही लागायला नको.

उत्तर 1: वचनं किती आली यावर जाऊ नका. मत्तय 4:6 मध्ये सैतानही स्तोत्र 91 मधलंच वचन पुढे करतो. व्हिडिओ थांबवा, वचन लिहून घ्या, मागचापुढचा अध्याय वाचा. यिर्मया 29:11 बघा. "हिताचे संकल्प" म्हणून नोकरी-बढतीसाठी सर्रास वापरतात. ते पत्र बाबेलात धरून नेलेल्यांना लिहिलंय. आदल्याच वचनात बाबेलची 70 वर्षं सांगितली आहेत, म्हणजे ऐकणाऱ्यांतले कितीतरी तिथेच मरणार. 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका म्हणतो, आणि खोटा ठरतो तो! गोड संदेशासाठी वापरलेलं वचन गोड संदेशाविरुद्धच आहे.

उत्तर 2: संदर्भाच्या आधी मी येशूबद्दल विचारेन (1 योहान 4:1-3). शब्द तेच ठेवून अर्थ बदलतात. "देवाचा पुत्र" अरियसही म्हणायचा, पण पुत्र निर्माण केलेला आहे असं शिकवायचा, म्हणून तर 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेला "पित्याशी एकतत्त्व" असं लिहावं लागलं. थेट विचारा: पुत्र निर्माण केलेला आहे का? योहान 1:1 मध्ये ग्रीकमध्ये "देव" शब्दाला उपपद (इंग्रजी "the" सारखं) नाही म्हणून "शब्द एक देव होता" असं कुणी दाखवलं, तर त्याच अध्यायातली 6, 12, 13 ही वचनं काढा. तिथेही "देव" शब्दाला उपपद नाही, पण "एक देव" कुणी करत नाही. नुसत्या उपपदावरून काही ठरत नाही.

प्रश्नकर्ता: आणि भविष्यवाणी खरी ठरली तर?

उत्तर 1: अनुवाद 18:22 (सांगितलेलं घडलं नाही तर ते देवाचं बोलणं नव्हे) सगळ्यांना पाठ असतं, 13:1-3 नसतं. चिन्ह खरं ठरलं तरी दुसऱ्या देवांमागे नेणाऱ्याचं ऐकायचं नाही. येशूच्या पुनरागमनाची तारीख देणाऱ्यासाठी मार्क 13:32 पुरे: तो दिवस कुणालाच ठाऊक नाही.

उत्तर 3: "पैशाचं बीज पेरा, शंभरपट घ्या" हेही तपासा. मार्क 4:14 मध्ये पेरलं जातं ते वचन, पैसे नव्हेत. संशयाचं म्हणाल तर बिरुया गावच्या लोकांनी (कृत्ये 17:11) पौलाचं आधी उत्सुकतेने ऐकलं, मग रोज शास्त्रात पडताळलं. प्रश्न विचारल्यावर "अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्याला) हात लावू नका" असं उत्तर आलं, तर 1 शमुवेल 24 उघडा. दावीद अभिषिक्त राजा शौलावर हात टाकत नाही, पण गुहेबाहेर येऊन त्याची चूक त्याला तोंडावर सांगतो.