मदत हवी आहे : घरामागच्या कोंबड्या आणि शेजारच्या काकांची तक्रार

नमस्कार मंडळी. उदगीरला नगरपरिषद हद्दीत स्वतःचं घर आहे, मागं परसात 9 गावरान कोंबड्या अन् एक कोंबडा. अंडी घरापुरतीच. शेजारचे काका म्हणतात, रहिवासी प्लॉटवर हे चालत नाही, अर्ज देतो. खरं दुखणं पहाटे 4 च्या बांगेचं; कोंबड्याला मामाच्या शेतावर धाडायला मी तयार आहे. पण जानेवारी 2025 मध्ये इथं बर्ड फ्लूनं कावळे मेले, तेव्हापासून लोक धास्तावलेत, तेही चूक नाही. खुराडं त्यांच्या भिंतीपासून 5 फुटांवर, भुसा दर रविवारी बदलते.

1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली घरगुती कोंबड्यांना परवाना लागतो का? की घाण-वासाची तक्रार आली तरच नोटीस? कुणाला आली असेल तर काय उत्तर दिलंत, सांगा.