वाढत्या वयात पूर्ण अरैमंडी करून घ्यावी का?

शमा_ठाणे:
मुलगी ११ वर्षांची, भरतनाट्यम शिकते, येत्या सेशनला गांधर्व मंडळाची प्रवेशिका परीक्षा द्यायचीये. वर्षभरात भसाभस उंच झाली आणि आता गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर टेंगूळ आल्यासारखं दिसतंय, जिना उतरताना कळवळते. क्लासच्या ताई म्हणतात बसायची सवय नाही तिला, अजून खाली बस. माझं मत असं झालंय की उंची वाढत असताना पूर्ण अरैमंडी (पावलं-गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) आणि मंडी अडवू (पूर्ण खाली बसून करायचे पदन्यास) करून घेऊच नयेत, परीक्षा गेली खड्ड्यात. कथ्थकला घातलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटतं.

नृत्यमयी:
मी शिकवते म्हणून स्पष्टच लिहिते. अरैमंडी काढली तर भरतनाट्यममध्ये उरतं काय, हातवारे? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, तिथली बाणी म्हणजे शैली ओळखली जाते तीच खोल अरैमंडीसाठी, आणि तिथली मंडळी पुढे वर्षानुवर्षं नाचतात. खरा प्रॉब्लेम हा आहे की आठवड्यातून दोन तास क्लास, घरी तट्टु अडवूसुद्धा (अगदी पहिला, साधा पदन्यास) करायचा नाही, शाळेत पीटीच्या तासाला गणित. मांडीत जोर नसेल तर सगळा भार गुडघ्यावरच येणार ना.

फिजिओ_पुणेकर:
मांडीच्या जोराचं पटलं, कलाक्षेत्राचं नाही. तिथे डिप्लोमाला येणारी मुलं मोठी असतात आणि रोज तेच करतात, सोसायटीच्या हॉलमधल्या ११ वर्षांच्या पोरीशी तुलना कशी करणार.
आणि मुद्दा खोलीचा कमी, पावलांचा जास्त आहे. पाय बाहेर वळतो तो खुब्यातून वळायला हवा, गुडघा म्हणजे बिजागरी, तिला पिळायला फार जागा नसते. खुबा किती वळणार हे बरंचसं हाडाच्या ठेवणीवर असतं, प्रत्येक मुलीचं वेगळं. पण क्लासमध्ये सगळ्यांची पावलं एका रेषेत हवीत म्हणून जिचा खुबा वळत नाही ती पावलं फाकवते आणि गुडघा आत पडतो. घरी समोरून बघा, अरैमंडीत वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर येते का. आत येत असेल तर पावलं कमी वळवा, मग बसू दे खाली.
टेंगळाचं वर्णन ऑसगुड-श्लाटरसारखं वाटतंय, मांडीचा स्नायू नडगीच्या अजून कच्च्या हाडाला ओढतो म्हणून होतं, वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं जातं, उंचवटा कधीकधी राहतो. पण न बघता मी नक्की सांगणार नाही, ऑर्थोपेडिकला दाखवा. लंगडत असेल, गुडघा सुजला किंवा अडकला तर लगेच. आणि खुबाही तपासायला सांगा, मुलांमध्ये बिघाड खुब्यात असतो आणि दुखतं गुडघ्यात, असं होतं.

कोल्हापुरी_मावशी:
आमच्या वेळी शहाबादी फरशीवर नाचलो, आयोडेक्स चोळलं की झालं. हल्ली जरा दुखलं की एमआरआय.

कथ्थकवाला_नाशिक:
मावशी, ज्यांचे गुडघे गेले त्यांनी तेव्हाच नाच सोडला, त्या कुठून येणार इथे लिहायला 😄 बाकी फरशीचा मुद्दा खरा आहे, काँक्रीटवर टाइल्स आणि त्यावर अनवाणी पाय आपटायचे, लाकडी फ्लोअर किती क्लासेसना परवडतो.
आणि शमाताई, कथ्थकला गुडघे वाचतात हा गैरसमज आहे. बसणं कमी हे मान्य, पण पायात शंभर-शंभर घुंगरू बांधून तत्कार (तालात पाय आपटणं), वर चकरा, आणि ‘गुडघा सरळ ठेव’ म्हटलं की कितीतरी पोरी तो मागे ढकलून लॉक करतात.

नृत्यमयी:
फिजिओ, पावलांचं पटलं, मीही एका रेषेचा हट्ट धरत नाही. पण परीक्षक बसणं बघतात, आणि घाई फक्त आम्हालाच असते असं नाही हो, प्रवेशिका होत नाही तोवर पालक विचारतात अरंगेत्रम (रंगमंचावरचा पहिला एकल कार्यक्रम) कधी, हॉल बुक करायचाय.

शमा_ठाणे:
ते पालक आम्ही नाही 🙏 हे सेशन सोडतोय, ठरलं. अरैमंडीबद्दलचं माझं मत मात्र अजून तेच आहे. आता ताईंना सांगायचं कसं, मागे बोलले तर ‘मुलीला लाडावू नका’ ऐकावं लागलं.

कथ्थकवाला_नाशिक:
डॉक्टरची चिठ्ठी न्या, चिठ्ठीला सगळ्याच ताई घाबरतात.

नृत्यमयी:
घाबरत नाही, वैतागतो. चिठ्ठीत नुसतं ‘डान्स बंद’ असतं, आणि मग पोरगी सहा महिने गायब. किती आठवडे काय टाळायचं ते लिहून आणा, उड्या, मंडी अडवू, तिसरा काळ (सगळ्यात जलद लय), जे काय असेल ते. तेवढे दिवस बसून हस्त (हाताच्या मुद्रा), अभिनय, तालाची पढंत (बोल तोंडाने म्हणणं) घेता येते. माझ्याकडे आलं असतं तर मी हेच केलं असतं, पण अरैमंडी सोडून दिली असती असं समजू नका.