ओव्हरकमिटच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नेमका नियम लिहावा का?

पवईकर: लिनक्स कर्नलच्या ओव्हरकमिटच्या (म्हणजे प्रत्यक्ष आहे त्यापेक्षा जास्त मेमरी प्रोग्रामना कबूल करण्याच्या) पानावर मोड 0, म्हणजे मूळच्या सेटिंगबद्दल एवढंच म्हटलंय की 'उघड अवाजवी' मागणी नाकारली जाते. उघड म्हणजे किती? कोडमध्ये उत्तर सरळ आहे: एका वेळची मागणी एकूण रॅम अधिक स्वॅप (डिस्कवरची पूरक मेमरी) यांपेक्षा मोठी असेल तर नकार, बाकी सगळ्याला होकार. 16 जीबी रॅम, स्वॅप शून्य अशा मशीनवर 15 जीबीचे तीन मॅलॉक (मेमरीच्या मागण्या) एकामागोमाग करा. तिन्ही मिळतात! त्या पानांवर लिहायला लागलात की मग ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) उठतो. हे उदाहरणासकट छापायला हवं.

गिरगाव_रूट: साफ नामंजूर. 2019 पर्यंत हाच हिशेब मोकळी पानं, पेज कॅश (फायलींची मेमरीतली प्रत), स्वॅप, परत मिळणारा स्लॅब (कर्नलची स्वतःची मेमरी) यांची बेरीज करून व्हायचा. तो छापला असता तर लोकांनी त्यावर स्क्रिप्ट्स बांधल्या असत्या आणि बदल करणं जिकिरीचं झालं असतं. अंदाजाला अंदाजच राहू द्या.

पवईकर: मोघम ठेवून तरी काय साधलं? नियम बदलल्यावरही 'रूटला थोडी जास्त मेमरी मिळते' हे वाक्य पानावर तसंच होतं. नव्या कोडमध्ये मोड 0 मध्ये रूटला (मशीनच्या अॅडमिनला) तशी सवलतच नाही. आवृत्तीचा उल्लेख करून लिहा, म्हणजे शिळं झालेलं निदान दिसेल तरी.

विक्रोळी_ऑनकॉल: अहो, मोड 0 वर काय भांडताय? माणसं अडकतात मोड 2 मध्ये, जिथे कबूल केलेल्या एकूण मेमरीला पक्की मर्यादा असते. मर्यादा = (रॅम वजा ह्यूज पेजेस, म्हणजे मोठ्या पानांसाठी राखलेली मेमरी) × ओव्हरकमिट रेशो + स्वॅप. रेशो मुळात 50 टक्के. म्हणजे वरच्याच मशीनवर हाती 8 जीबी. 'फ्री' कमांड 7 जीबी उपलब्ध दाखवते आणि शेलमध्ये साधं 'एलएस' मारलं तरी 'फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी' (फोर्क म्हणजे प्रोसेसची प्रत काढणं). अशा वेळी 'फ्री' बघत बसू नका. मेमइन्फो फाइलमधले कमिटलिमिट (ती मर्यादा) आणि कमिटेड_एएस (आतापर्यंत कबूल केलेली मेमरी) हे दोन आकडे शेजारी ठेवा. दुसरा पहिल्याला टेकला असेल तर रेशो 80 करा, स्वॅप द्या, नाहीतर ओव्हरकमिट_केबाइट्समध्ये थेट आकडा भरा. हा भरला की रेशो आपोआप 0 होतो, तेव्हा दोन्ही एकदम लावायला जाऊ नका.

आणखी एक. डेटाबेसांपैकी पोस्टग्रेसवाले मोड 2 सुचवतात, रेडिसवाले मोड 1 (काहीच न नाकारणारा), आणि सेटिंग अख्ख्या मशीनला एकच. दोघांना एका व्हीएमवर कोंबून 2 लावलं, तर 10 जीबीचा रेडिस बॅकग्राउंड सेव्हसाठी फोर्क करताना आणखी 10 जीबी हिशेबात धरले जातात, कॉपी-ऑन-राइट (पानावर लिहिलं तरच त्याची खरी प्रत) असलं तरी. मर्यादेत तेवढी जागा नसेल तर सेव्ह फसणारच.

गिरगाव_रूट: मोड 2 चं सूत्र उदाहरणासकट द्या, त्याला ना नाही, ते ठरलेलं आहे. पण त्याखाली 'प्रॉडक्शनला 2 लावा' असं कुणी घुसडू नका. कंटेनरची मेमरी.मॅक्स (त्याला दिलेली कमाल मेमरी) ओलांडली की मोड कुठलाही असो, ओओएम येतोच. पानावर भर घालायचीच तर आधी ही ओळ घाला.

पवईकर: घाला की. मोड 0 वरचा माझा आग्रह मात्र कायम.