चार वर्षांचा लेक स्वतः जेवत नाही, सुरुवात कुठून करू?

मुग्धा_नाशिक
लेक चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान होऊन आठ महिने झाले. कुरमुरे, बिस्किट, कोरडी पोळी स्वतः उचलून खातो. वरणभात, खिचडी आली की मात्र नुसता आ करून बसतो. बोटाला भाताचं एक शीत चिकटलं तरी किंचाळतो आणि माझ्या ओढणीला पुसतो. चमचा दिला की खाली टाकतो. त्याला तो खणखणाट आवडतो बहुतेक. सध्या सासूबाई मोबाइल लावून भरवतात, पाऊण तास जातो. जूनपासून बालवाडीत डबा न्यायचाय. घरचे म्हणतात, दोन वेळा उपाशी ठेव, आपोआप खाईल. माझं मन होत नाही. ठेवू का?

चिऊची_आई
अजिबात नको. आमच्याकडे तो प्रयोग झालाय. सकाळपासून रात्रीपर्यंत पोरीने पाण्याशिवाय काही घेतलं नाही, शेवटी रडत रडत मीच भरवलं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना भूक लागल्याचं आपल्यासारखं कळत नाही.

आम्ही चमचा शेवटाकडून शिकवला. म्हणजे भरायचा मी, उचलायचा मी, तोंडापासून दोन बोटांच्या अंतरावर आणून थांबायचं. उरलेलं तेवढं तिने करायचं. घास तोंडात गेला की काम फत्ते, बक्षीस वेगळं लागत नाही. ते जमलं की हनुवटीपाशी सोडायचं, मग छातीपाशी, मग ताटापाशी. चमचा भरणं सगळ्यात शेवटी, कारण तेच सगळ्यात अवघड.

समोर बसू नका, मागे बसा. आपला हात तिच्या हातावर ठेवून. पुढे पकड मनगटावर, मग नुसती कोपराला टेकण. आणि तोंड बंद! "धर, उचल, खा ना राजा" हे मी इतकं म्हणायचे की मी म्हटल्याशिवाय चमचा हलेनासा झाला. हाताचा आधार सोडवला, पण ही बडबड सोडवायला फार वेळ लागला.

पहिले पदार्थ चमच्याला चिकटणारे घ्या. शिरा, घट्ट दही, गुरगुट्या भात. वरण सांडतं, मूल चिडतं, आपणही चिडतो. चमचा आखूड, दांड्याला जुना मोजा गुंडाळून रबर लावलं होतं. दिसायला गबाळं, पण पकड बसली. पहिले चार-पाच घासच शिकवायचे, बाकीचं खुशाल भरवा.

ओटी_सांगली
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणं हे माझं काम. वरचं बहुतेक पटलं. भर एवढीच: पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही, पायाखाली पाट द्या. ओला रुमाल त्याच्या शेजारी ठेवा. बोट लगेच पुसता येतं हे कळलं की किंचाळणं बऱ्याचदा कमी होतं. चिकट पदार्थाला हात लावायची सक्ती करू नका. डब्यासाठी आत्ता पोळीचे तुकडेच द्या, तो ते खातोच आहे. मोबाइल एकदम बंद न करता आधी त्या चार-पाच घासांपुरता बाजूला ठेवा. वजन घटतंय, सारखा ठसका लागतोय किंवा आधी खायचा ते पदार्थ एकेक करून बंद होतायत, असं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुग्धा_नाशिक
तीन आठवड्यांनी लिहितेय. शिऱ्याचे चार घास हनुवटीपासून स्वतः घेतो. वजन ठीक आहे, दाखवून आले. मोजा नाही चालला, वास घेऊन फेकला. सायकलच्या मुठीचं रबर कापून बसवलं, ते आवडलंय. चमचा अजून पडतो, पण खाली सतरंजी घातल्यापासून आवाज येत नाही, त्यामुळे मुद्दाम टाकणं कमी झालंय. अडचण सासूबाईंची. मी मागे बसले की त्या समोर येऊन आ करून दाखवतात, आणि हाही चमचा सोडून आ करतो.

चिऊची_आई
त्यांनाच मागे बसवा. माझ्या सासूबाईंना बसवलं होतं. "हात धरायचं काम तुमचं, मला जमत नाही" म्हटलं, लगेच तयार झाल्या.