चॉपर आणि जावा
तुम्ही पोस्टमध्ये दाखवलेली, बुलेटच्या इंजिनावर बांधलेली चॉपर (चेसी म्हणजे सांगाडा कापून, पुढचा फोर्क लांब करून बनवलेली मोटरसायकल) फार देखणी झालीय, विशेषतः टाकीपासून मागच्या चाकापर्यंत उतरत गेलेली ती रेघ! फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, इतका पुढे टाकल्यावर हायवेवर गाडी सरळ, स्थिर पळते. गल्लीत हळू वळवताना मात्र हँडल एका बाजूला पडू पाहतं. घाटात हात भरून येतात.

राहिला तुम्ही काढलेला वाद: जुन्या मोटरसायकलींत यामाहाची आरएक्स १०० भारी की जावा? आरएक्सचा पिकअप जबरदस्त, मान्य. तरी माझं मत जावालाच. गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली की गाडी सुरू करायची किकही तीच, शिवाय क्लच न दाबताही गिअर पडतो. म्हैसूरला १९६१पासून अशी गाडी बनत होती! एकच सिलिंडर, दोन सायलेन्सर, आणि तो आवाज... कुणाकडे चालू जावा असेल तर चॉपरसाठी तिची चेसी कापू नका, कृपा करून.